चेसिस पाहा

धनराजचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. आवाज ओळखीचा नव्हता.

"बाई, मी हेटीटोल्याचा. लटारूजी चेअरमनचा नातू. धनराज."

सूप बाजूला ठेवलं. त्या घरातून मला कधी फोन आला नव्हता, आणि तो यावा अशी माझी इच्छाही नव्हती.

"बोल."

"आजोबाची जुनी जीप हाये ना बाई, चारशे सतरा. तिले विंटेजमधी रजिस्टर करून राह्यलो. नवीन नियम हाये. पन्नास वर्सांच्या वरची गाडी, कापाकापी नाई, काही बदल नाई, मूळची जशीच्या तशी, तं तिची वेगळी नोंद होते. नवीन नंबर घेतला तं त्यात व्हीए अशी अक्षरं येतात. पण जिचा जुना नंबर कागदावर हाये तिले तो ठेवता येते. मले चारशे सतराच पाहिजे. इज्जतीचा नंबर हाये तो."

"मग चालवणार तू ती?"

"रोज नाई चालवता येत. रॅली, प्रदर्शन, नाई तं दुरुस्तीले न्यायची, एवढंच. मी लॉन काढलं ना हायवेले, लग्नाचं. तिथी दारात उभी करतो. पितळेची पाटी लावतो. या जंगलातली पहिली जीप, लटारूजींनी आणलेली."

"माझं काय काम यात?"

"सोसायटी तं कधीच बुडाली. त्या टायमाचं कोणी राह्यलं नाई. आरटीओच्या मॅडम म्हणते का गाडी मूळचीच हाये असं एखाद्या जुन्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा. तुमचे मिस्टर डायवर होते ना सोसायटीत? तुम्ही शिकल्यासवरल्या. मी गाडी पाठवतो तुमाले घ्याले."

डायवर होते ना. किती सहज विचारलं त्यानं. त्याला ठाऊक नव्हतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला. ज्यांनी केलं त्यांच्या घरी ती गोष्ट नातवापर्यंत पोचलीसुद्धा नाही. आमच्या घरी ती रोज जेवायला बसायची.

"चेसिसच्या नंबराचा छाप काढतील का?" मी विचारलं.

"काढतील ना बाई. नियमच हाये. पेन्सिलनं घासून काढतात."

"मग येते," मी म्हटलं. "तुझी गाडी नको. नात आणून सोडेल."

हेटीटोल्याची जंगल कामगार सोसायटी आता कोणाला आठवत नाही. सरकारनं कूप, म्हणजे तोडीचा जंगलपट्टा, द्यायचा, सोसायटीनं मजुरांकडून बांबू-सागवान तोडून डेपोला लावायचं, असा कारभार. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, सगळा चांदाच होता. सोसायटीनं अडुसष्ट साली दोन जीपा घेतल्या. चारशे सतरा करड्या रंगाची, ती चेअरमनची. चारशे अठरा हिरवी, ती कामाची, आणि ती माझे यजमान वामनराव चालवायचे. मजूर, राशनची पोती, झाडावरून पडलेला माणूस, अडलेली बाई, सगळं त्या हिरव्या गाडीत. वामनराव गाडी धुवायचे तेव्हा टोल्यातली पोरं रांगेत उभी राहायची, कारण धुऊन झाल्यावर नाल्यापर्यंत एक चक्कर मिळायची. त्या काळी आमच्या माणसाच्या हाती सोसायटीची गाडी असणं काही जणांना सोसत नव्हतं. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. दहा वर्षांची मी बापाच्या बोटाला धरून चांद्याच्या त्या गर्दीत उभी होते. पण गावाच्या लेखी अठरा वर्षांनंतरही आम्ही तेच होतो.

चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये मी बाळंतपणाला चांद्याच्या सरकारी दवाखान्यात होते. अश्विनच्या वेळी. पोर आडवं होतं, मी मरता मरता वाचले. वामनराव रजा टाकून आले. गाडी डेपोत लावली, किल्ली सोसायटीच्या कपाटात ठेवली, लिहून घेतलं. पाच दिवस माझ्या खाटेजवळ जमिनीवर झोपले. परत गेले तर डेपोत हिरवी गाडी नाही. चेअरमनच्या अंगणात करडी गाडी उभी, नव्या रंगाची, आणि सगळं गाव सांगतंय की वामन डायवरनं रात्री दारूच्या नशेत गाडी काढली, बांडिया नदीच्या पुरात घातली आणि पळून गेला.

दारू त्या माणसानं आयुष्यात ओठाला लावली नव्हती.

वामनरावांनी अंगणातल्या करड्या गाडीचं इंजिन सुरू होताना ऐकलं आणि त्यांना सगळं कळलं. ते मला म्हणाले, "कमला, ते माही गाडी हाये. मले आवाज कळत नाई का? चेअरमन सायबानं आपली बुडवली, माहीले रंग मारला अन् आपला नंबर टाकला." मी म्हटलं, सिद्ध कसं करायचं? ते म्हणाले, सोपं आहे. पाटीवरचा नंबर पेंटर बदलू शकतो, रंग बदलू शकतो. सांगाड्याच्या लोखंडावर कारखान्यात ठोकलेला नंबर कोणी बदलत नाही. तो पाहिला की झालं.

त्यांच्या वहीत तो नंबर होता. ७२६०५. चेअरमनच्या गाडीचा ७२५८८. मी सातवी पास होते, अक्षर बरं होतं, तेव्हा अर्ज मीच लिहिले. सहकार खात्याला, पोलिसांना, कलेक्टरला. मांडीवर अश्विन आणि पाटावर कागद. सात अर्ज. प्रत्येकाच्या शेवटी एकच विनंती: अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा चेसिस नंबर पाहावा. सातव्या अर्जात नुसतं एवढंच लिहिलं होतं. चेसिस पाहा.

चौकशीला एक साहेब आला. दोन दिवस लटारूजीच्याच घरी मुक्काम, रोज कोंबडं. त्यानं अंगणात उभं राहून पाटी वाचली आणि अहवालात लिहिलं: चारशे सतरा जागेवर आहे, सबब बुडालेली गाडी चारशे अठरा. खाली वाकायला त्याचं पोट आड आलं असेल. मी चांद्यातल्या पाच दिवसांची साक्ष द्यायला गेले तर म्हणाला, बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार. एकदा वामनराव स्वतः गाडीखाली शिरले. चेअरमनच्या माणसांनी पाय धरून ओढून काढलं, अंगणात मारलं आणि वर चोरीची तक्रार दिली.

नोकरी गेली. परवान्यावर शेरा आला, पुन्हा कोणी स्टिअरिंग हाती दिलं नाही. त्यांनी डेपोत बांबूचे गठ्ठे उचलले. मी पुढं परीक्षा देऊन शिक्षिका झाले म्हणून घर चाललं. एक्याण्णव साली ते गेले तेव्हा मातीला लालसू आला, त्या काळचा त्यांच्याच गाडीचा क्लिनर. सगळे गेल्यावर त्यानं मला सांगितलं की त्या रात्री चेअरमन स्वतः गाडी चालवत होते, तो शेजारी बसला होता, दोघंही पोहून निघाले. "बाई, मले भेव वाटलं," म्हणाला. सतरा वर्षं त्याला भीती वाटली. मी त्याला पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

आणि तो डोह. आमच्याकडे नदीत जिथं जे बुडालं त्याचं नाव त्या जागेला पडतं. बांडियाच्या त्या वळणाला वामनडोह म्हणतात. एका वर्षी माझ्याच वर्गातल्या मुलानं सहलीच्या निबंधात लिहिलं की पूर्वी वामन नावाच्या दारुड्या डायवरनं तिथं सरकारी गाडी बुडवली, म्हणून ते नाव. मी त्या निबंधाला दहापैकी सात गुण दिले. अक्षर चांगलं होतं.

आरटीओच्या आवारात माझ्या नातीनं, साक्षीनं, मला स्कूटरवरून उतरवलं तेव्हा दहा वाजले होते. वाटेत सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांच्या धुळीनं दोघींची तोंडं लाल झाली होती. साक्षी म्हणाली, "आज्जी, तू भांडणार आहेस का?"

"नाही. सही करायला आले."

"तुझा चेहरा तसा नाही दिसत."

जीप एका टेम्पोवर लादून आणली होती, नुकतीच खाली उतरवलेली. करडा रंग, चकचकीत पॉलिश, बॉनेटला झेंडूचा हार. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल, छातीत काहीतरी हलेल. काही झालं नाही. मला फक्त त्या हाराचा संताप आला.

धनराज वाकून पाया पडला. गोरागोमटा, चाळिशीचा, वागायला नम्र. सोबत एजंट, हातात फायलींचा गठ्ठा. त्यानं प्रतिज्ञापत्र टाइप करूनच आणलं होतं: मी खाली सही करणार कमला वामनराव, वय एकोणऐंशी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की सदर वाहन मूळ स्वरूपात असून माझ्या माहितीप्रमाणे सुरुवातीपासून याच क्रमांकाने...

"सही करा बाई, मंग उन्हात नाई बसावं लागणार," एजंट म्हणाला.

"आधी छाप निघू दे."

"अजी, तो तं फॉर्मॅलिटी हाये."

"म्हणूनच म्हटलं. होऊ दे."

इन्स्पेक्टर बाई आल्या. दिव्यानी नाव छातीवर लिहिलेलं. माझ्या शाळेतल्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढ्याच वयाच्या असतील. त्यांनी धनराजला आधी सुनावलं. "लॉनमध्ये ठेवणार म्हणता, पण नवरा-नवरीला बसवून भाडं घ्याल तर नोंदणी जाईल. व्यवसायाला वापरायची नाही. माहिती आहे ना?"

"हो मॅडम, फक्त शोभेले."

त्यांनी बॉनेट उघडून इंजिनचा नंबर टिपला. "आता चेसिस दाखवा."

एजंट पुढच्या डाव्या चाकाजवळ बसला. सांगाड्याच्या त्या पट्टीवर रंगाचे थर बसले होते. त्यानं पॉलिश पेपरनं घासायला सुरुवात केली. करडा रंग निघाला. खाली हिरवा आला.

मी साक्षीचा दंड धरला. ती म्हणाली, "दुखतंय आज्जी." मी सोडला नाही.

"पह्यले हिरवी होती वाटते," एजंट म्हणाला आणि घासत राहिला. मग लोखंड दिसलं. त्यानं कागद ठेवून पेन्सिल फिरवली, कागद इन्स्पेक्टर बाईंना दिला. त्यांनी नोंदणी पुस्तक उघडलं, कागद पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिलं.

"हे जुळत नाही. पुस्तकात सात दोन पाच आठ आठ. इथं वेगळा आहे. इंजिनचाही जुळला नाही मघाशी. इंजिन लोक बदलतात, समजू शकते. चेसिस कोण बदलतं?"

"सात दोन सहा शून्य पाच," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या हातातला कागद माझ्यापासून दहा पावलांवर होता.

"तुम्हाला कसं माहीत, आजी?"

"मी सात वेळा लिहिलाय तो."

धनराजनं मला बाजूला नेलं. एजंटही आला. एजंट म्हणाला, "टेंशन नाई. बाई, तुम्ही इतकंच लिहून द्या का चौऱ्याहत्तरमधी अपघात झालता, तवा सोसायटीनं चेसिस बदलून टाकली. जुन्या माणसाचं कोण खोटं म्हणते?"

"अन् बाई," धनराज हळूच म्हणाला, "मी पाटीवर तुमच्या मिस्टरांचंही नाव टाकतो. पहिले चालक वामनराव. पितळेत. माह्या आजोबाच्या नावाखाली."

त्याला चांगलंच वाटत होतं, हे सांगायला हवं. तो लाच देत नव्हता. त्याला वाटलं म्हातारीला आवडेल. आणि खरं सांगते, एक क्षणभर मला ते नाव पितळेत दिसलं. मग त्याच्या वरचं नाव दिसलं.

"तुला ठाऊक आहे का चौऱ्याहत्तरमध्ये काय झालं?"

"गाडी बुडाली ना एक. डायवर दारू..." तो थांबला. बहुधा तेव्हाच त्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. वामनडोह आणि वामनराव. "बाई, मले खरंच..."

"तुझ्या आजोबाची गाडी अजून त्या डोहात आहे. चारशे सतरा. ही माझ्या नवऱ्याची आहे. तुझ्या आजोबानं नदीत घातली ती आपली, आणि आळ घातला आमच्यावर. या गाडीखाली शिरला म्हणून तुझ्या अंगणात त्याला मारलं. तेव्हा खाली वाकून पाहायला एक माणूस मिळाला नाही. आज तू हार घालून आणलीस."

"मले कायले मालूम बाई. मी तं जल्मलोही नव्हतो."

"नाही मालूम, तेच म्हणते. आम्हाला रोज मालूम होतं."

एजंट मध्ये पडला. "जाऊ द्या ना बाई. आता कोणाचं भलं होणार हाये? तुमचे मिस्टर नाई, चेअरमन नाई. गाडी जप्त होईल, भंगारात जाईल. तुमाले काय भेटणार?"

"तू किती वर्षं हे काम करतोस?"

"वीस."

"वीस वर्षांत कधी कोणी तुला चोर म्हटलं?"

"रोजच म्हणतात बाई," तो म्हणाला, आणि साक्षीला हसू आलं. मला नाही.

मी इन्स्पेक्टर बाईंकडे गेले. त्यांचा फॉर्म अर्धा भरून झाला होता. 'तपासणीत आढळलेला चेसिस क्रमांक' असा रकाना होता, तो रिकामा होता.

"लिहा," मी म्हटलं.

"आजी, हे प्रकरण वाढेल. या चेसिस क्रमांकाची नोंदणी मी संगणकात शोधली, ती चारशे अठराची निघाली. चौऱ्याहत्तर साली वाहन नष्ट म्हणून रद्द. म्हणजे ही गाडी कागदावर अस्तित्वातच नाही. विंटेजचा अर्ज नामंजूर होणार, वर पोलिसांना कळवावं लागणार. तुमचा जबाब घेतला तर तुम्हाला परत परत यावं लागेल. या वयात."

"तुम्ही माझ्या वयाचं नका बघू."

"मी तुमच्या बाजूनं काही लिहू शकत नाही. कोणी बुडवली, कोणी रंग दिला, ते माझं काम नाही. मी फक्त जे दिसतं ते लिहिते."

"तेवढंच तर मागतेय मी. एकावन्न वर्षं कोणी तेवढंच लिहिलं नाही."

त्यांनी फॉर्म पुढं ओढला. पेन उचललं आणि रकान्यात आकडे घातले, एकेक. मग खाली एक ओळ: सदर क्रमांकाचे वाहन आज रोजी प्रत्यक्ष समोर उभे आढळले. सही केली, तारीख घातली.

धनराज एव्हाना बॉनेटवरचा हार काढत होता, कोणाकडे न बघता. त्याची दया यायला हवी होती. आली नाही. कदाचित पुढं येईल, माझ्याजवळ तेवढे दिवस असले तर.

तेवढ्यात अश्विनचा फोन आला. साक्षीनंच त्याला कळवलं असणार. "आई, काय करून राह्यली तू तिथी? झालं ते झालं. बाबा गेले, आता त्याचा काय फायदा? घरी ये."

"तू झालास त्या दिवशी ते माझ्या खाटेजवळ झोपले होते," मी म्हटलं. "तुझ्यामुळे त्यांची नोकरी गेली असं तुला मी कधी बोलले?"

"नाई."

"मग आता मला फायदा विचारू नकोस." मी फोन साक्षीकडे दिला.

टेबलाशी बसून मी जबाब लिहिला. दोन पानं. अक्षर अजून बरं आहे. त्यांनी पोच दिली, शिक्का मारून. सात अर्जांपैकी एकाचीही पोच आम्हाला मिळाली नव्हती. पोच घडी घालून पिशवीत ठेवली, तरी राग उतरला नाही. मला वाटलं होतं उतरेल. शिक्क्याचा तो गोल पाहून उलट चढला, की एवढं सोपं होतं? एक पेन्सिल, एक कागद, गुडघे वाकवायची तयारी असलेला एक माणूस. ह्याच्यासाठी तो माणूस सतरा वर्षं गठ्ठे उचलत मेला.

"मला एक पेन्सिल द्या," मी दिव्यानी बाईंना म्हटलं.

"छाप हवा असेल तर मी झेरॉक्स देते, आजी."

"झेरॉक्स नको."

साक्षी म्हणाली, "आज्जी, तुला खाली बसता येत नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

मी तिच्या खांद्याला धरून बसले. एक गुडघा टेकला, मग दुसरा. सिमेंट तापलेलं होतं. डावं चाक माझ्या गालापाशी होतं आणि जुन्या ग्रीसचा वास येत होता. कागद लोखंडावर ठेवला. साक्षीनं वरून कोपरा धरला. मी पेन्सिल आडवी धरून घासायला लागले. सात आला. दोन आला. मागं धनराज काहीतरी बोलला, मी ऐकलं नाही. सहा आला. माझ्या हाताला जोर किती लागतोय ते मला कळत नव्हतं, आणि शून्यापाशी कागद फाटला.

"आज्जी, जरा हळू," साक्षी म्हणाली.

"दुसरा दे," मी म्हटलं.